ओळखीची चेटकीण

नाटकात काम करू लागलेल्या मुलांना सर्वांत सोपी भूमिका कोणती असे विचारले, तर बहुतेक जण चेटकिणीचे किंवा राक्षसाचे नाव घेतात. वरवर पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. ऐतिहासिक नाटकातील एखादा सरदार कोण, कोठला, कोणाच्या बाजूचा, हे प्रेक्षकांना आधी समजावून द्यावे लागते. चेटकिणीच्या बाबतीत तशी काहीच अडचण नसते. तिने रंगमंचावर पाऊल टाकले न टाकले तोच पहिल्या रांगेतील चिमुरडी तिला ओळखतात. वाकलेली पाठ, हातात काठी, पिंजारलेले केस, लांब नाक आणि घोगरे हसू एवढे साहित्य जमले, की चेटकीण तयार!

परंतु तालमीला आरंभ झाला, की या सोप्या भूमिकेचे खरे रूप दिसू लागते. जिला सर्व जण ओळखतात, तिच्याविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असतेच. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येक मुलाने त्या चेटकिणीला कधी ना कधी अंथरुणात, आजीच्या कुशीत, पांघरूण डोक्यावर ओढून पाहिलेले असते. ती मनातील चेटकीण आभाळाएवढी उंच असते, तिचे डोळे निखाऱ्यांसारखे असतात आणि तिचा आवाज अडगळीच्या खोलीतून येतो. या चेटकिणीशी टक्कर द्यावयाची आहे ती सातवीतल्या एका मुलीने, पुठ्ठ्याचे नाक लावून!

सोलापूरला मुलांच्या नाटकांची हौस मोठी. तेथील हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाचे नाव १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण जागी ठेवते. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे सोलापूर हे एक केंद्र आहे आणि पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन २०१५ साली याच शहरात भरले होते. स्पर्धेच्या दिवसांत रंगपटात डोकावून पाहिले, तर मोठी गंमत दिसते. मुकुट घातलेला राजा आईच्या हातून शेंगाचटणी आणि पोळी खात असतो. परीचा एक पंख सुतळीने बांधण्याचे काम चालू असते. आणि राक्षस कोपऱ्यात बसून आपली वाक्ये पुटपुटत असतो.

या गावात ओळखीच्या पात्रांची अडचण थोडी अधिकच आहे. सोलापूर हे अनेक भाषांचे शहर. कापडाच्या धंद्याच्या निमित्ताने तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे कानडी तर घरोघर ऐकू येते. उर्दू बोलणारे मोहल्ले आहेत आणि मराठी सर्वांचीच. एका बाकावर बसणाऱ्या चार मुलांनी ‘चेटकीण’ हा शब्द वाचला, तरी एकाच्या कानात कानडी ‘माटगाती’ घुमते, दुसऱ्याच्या कानात तेलुगू ‘मंत्रगत्ते’ आणि तिसऱ्याच्या कानात उर्दू ‘जादूगरनी’. प्रत्येकाच्या आजीने तिला निराळा आवाज दिलेला असतो. मग रंगमंचावरच्या चेटकिणीने कोणत्या आजीचा आवाज काढावा?

समजा, सोलापुरातील एखाद्या शाळेत हे काम एका मुलीकडे आले. पहिल्या दिवशी ती काय करील? ती तेच करील, जे आजवर सर्वांनी केले आहे. ती पाठीला बाक देईल, बोटे वाकडी करील, डोळे फिरवील आणि ‘ही ही ही’ करून हसेल. तालीम पाहणारी मुले टाळ्या वाजवतील. दुसऱ्या दिवशी ती टाळ्या थोड्या कमी होतील. आठवड्याने मात्र तिच्या हसण्याकडे कोणी मान वळवूनही पाहणार नाही. कारण तिने चेटकिणीचे सोंग घेतले, पण त्या सोंगाच्या आत कोणी राहावयास आलेच नाही.

जाणता दिग्दर्शक अशा वेळी मुलीला आवाज मोठा कर असे सांगत नाही. तो एक साधा प्रश्न विचारतो, “या चेटकिणीला काय पाहिजे आहे?” राजकन्येला तिने मनोऱ्यात कोंडले ते का? ती एकटी राहते म्हणून? तिच्याजवळ बोलावयास कोणी नाही म्हणून? की सगळे जग राजकन्येलाच सुंदर म्हणते, आपल्याकडे ढुंकून पाहत नाही, याचा सल तिच्या मनात आहे म्हणून? याचे उत्तर नाटकाच्या वहीत लिहिलेले नसते. ते मुलीला स्वतः शोधावे लागते. एकदा ते सापडले, की मोठा चमत्कार घडतो. वाकड्या बोटांची आता फारशी जरुरी उरत नाही. ती मनोऱ्याची किल्ली कमरेला खोचते, ती खोचल्यावर दोनदा चाचपून पाहते, आणि तेवढ्यानेच पहिल्या रांगेतील मुले गप्प होतात. आपली वस्तू कोणी नेईल अशी भीती वाटणारी माणसे त्यांनीही पाहिलेली असतात.

मराठी बालरंगभूमीवर चेटकिणीचे स्थान मोठे मानाचे आहे. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ साली मुंबईत ‘लिटिल थिएटर’ची चळवळ सुरू केली. तिचे पहिले नाटक होते रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’. नाटक बसवणाऱ्या सुधाताईंनी स्वतःकडे राजकन्येची भूमिका घेतली नाही; त्या झाल्या चेटकीण. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली. पुरुषाने चेटकीण व्हावे आणि मुलांनी ती मनापासून खरी मानावी, ही सोपी गोष्ट नव्हे. त्या काळच्या मुलांना ती इतकी आवडली, की मोठेपणीही त्यांना तिचा विसर पडला नाही.

मौज तर पुढेच आहे. २०१८ साली हे नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा चिंचीचे काम वैभव मांगले यांच्याकडे आले. आता प्रेक्षागृहात दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. मुलांसाठी चिंची नवी होती. पण त्यांना घेऊन आलेल्या कित्येक आईवडिलांच्या मनात जुनी चिंची मुक्काम ठोकून होती. परीकथेतील चेटकिणीशी तुलना होते ती वेगळी, आणि पूर्वीच्या नटाशी तुलना होते ती वेगळी. दुसरी अधिक बोचरी असते. पूर्वीच्या नटाची हुबेहूब नक्कल केली तर लोक म्हणतात, “यात याचे काय?” आणि सर्वस्वी निराळे केले तर म्हणतात, “ही आमची चेटकीण नव्हे.” या दोन दगडांच्या फटीतून ज्याला वाट काढता येते, त्याचेच काम पुन्हा पाहावेसे वाटते. मांगले यांची चिंची मुलांनी पाहिली, पुन्हा पाहिली आणि घरी जाऊन तिच्या नकला केल्या.

अंगमेहनतीची गोष्टही येथेच सांगितलेली बरी. मुलांची नाटके उन्हाळ्याच्या सुटीत अधिक होतात, आणि चेटकिणीला किंवा राक्षसाला कधी झिरझिरीत कपडे नसतात. जाड झगा, केसांचा टोप, चेहऱ्यावर रंगाचा थर, आणि त्यात धावणे, उड्या मारणे, ओरडणे. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीतील एका प्रयोगात मांगले यांना उकाड्याने रंगमंचावरच भोवळ आली होती. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो त्या सोलापुरात अस्वलाचे सोंग घेणाऱ्या मुलाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. मुखवट्याच्या आत श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो आणि बोललेले शब्द आतल्या आत घुमतात. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी पूर्ण मुखवट्याऐवजी कपाळापासून नाकापर्यंतचा अर्धा मुखवटा वापरतात. त्यामुळे तोंड मोकळे राहते आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो.

परदेशच्या परीकथा बाजूला ठेवल्या, तरी आपल्याकडील सर्वांत ओळखीची गोष्ट रंगमंचावर आणणे काही कमी कठीण नाही. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट माहीत नाही असे मराठी मूल विरळाच. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो. येथपर्यंत ठीक. पण कावळ्याने तोंड उघडले, की त्याचे वाक्य त्याच्या आधी प्रेक्षागृहच म्हणून टाकते! चिमणीने उत्तर द्यावे तर तेही शंभर मुलांनी एका सुरात दिलेले असते. नट बिचारा तोंड उघडून उभा. नवशिका मुलगा अशा वेळी गोंधळतो, किंवा रागावून सर्वांच्या वर आवाज चढवतो. कसलेला नट मात्र थांबतो. मुलांचे म्हणून होऊ देतो. मग जणू त्यांचे ऐकूनच आपल्याला सुचले, अशा रीतीने तेच वाक्य निराळ्या स्वरात, थंडीने कुडकुडत म्हणतो. मुले हसत असतात. ती हळूहळू शांत होतात. आजवर त्यांना या गोष्टीतील शब्द पाठ होते. बाहेर पाऊस किती जोराचा होता, हे त्यांना आता कळते.

आणि चिमणीचे काय? तिला आपण सर्व जण गुणी समजतो. पण दाराबाहेर एक जण भिजत असताना ती आपल्या बाळाची एकेक कामे उरकीत बसते, हे रंगमंचावर डोळ्यांदेखत घडू लागले, की चिमणीचे काम करणाऱ्या मुलीची खरी परीक्षा सुरू होते. ती नुसतीच गोड वागली, तर प्रेक्षकांना ती दुष्ट वाटू लागते. तिला कावळ्याची भीती वाटते का? पूर्वी त्याने तिला कधी फसवले आहे का? बाळाला जपणारी आई दार चटकन उघडत नाही, हे तिने डोळ्यांनी आणि हातांनी दाखवले पाहिजे. पुस्तकातील चिमणी अर्ध्या पानात संपते. रंगमंचावरील चिमणीला दहा मिनिटे कावळ्याची हाक ऐकत राहावे लागते.

तांबड्या टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत निराळाच पेच पडतो. आजीच्या बिछान्यात लांडगा झोपला आहे, हे प्रेक्षागृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मुलगी आत आली, की ती सगळी एकदम ओरडतात, “अगं, जाऊ नकोस! तो लांडगा आहे!” आता तिने काय करावे? ऐकले असे दाखवले, तर नाटक तेथेच आटोपते. ऐकलेच नाही असे दाखवले, तर मुलांना वाटते, ही बहिरी आहे की आमचा अपमान करते आहे! चांगली नटी मधला मार्ग काढते. ती दचकून थांबते. प्रेक्षकांकडे वळून पाहते. तेवढ्यात लांडगा आजीसारखा खोकतो. तिचे मन पुन्हा आजीकडे ओढले जाते. मुलांची हाक वाया गेली नाही, आणि गोष्टही अडली नाही. ही अर्ध्या क्षणाची गोष्ट बसवण्यास कधीकधी चार चार तालमी लागतात. लांडग्याने खोकण्यास थोडा उशीर केला, तरी सर्व फसते.

तथापि, सर्वांत अवघड भूमिका कोणाची असे कोणी विचारलेच, तर उत्तर द्यावे लागेल, राजपुत्राची. चेटकिणीला निदान काठी असते, राक्षसाला सुळे असतात. राजपुत्राला काय असते? एक फेटा, एक तलवार आणि पुष्कळशी सभ्यता. सिंड्रेलाच्या गोष्टीतील राजपुत्राला तर धड नावही नाही. त्यातून मुले मोठी चिकित्सक. ज्या मुलीबरोबर हा रात्रभर नाचला, तिचा चेहरा त्याला दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही? बुटाचे माप घेत गावभर का हिंडतो? नाटक लिहिणाऱ्याने या शंकेचे उत्तर दिलेले नसेल, तर ते नटाला आपल्या वागण्यातून द्यावे लागते. एखादा राजपुत्र लाजाळू असेल. नाचताना त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलेच नसेल, पावलांकडेच पाहिले असेल! असे काही सुचले, की फेट्याखालच्या त्या बाहुल्यात एकाएकी प्राण येतो.

सिंड्रेलाची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्या ओळखीविषयी दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. काचेचा बूट आणि भोपळ्याचा रथ या गोष्टी फ्रान्समधील शार्ल पेरो याने १६९७ साली छापलेल्या कथेतून जगभर गेल्या. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातही ही मुलगी आहे. पण तेथे तिला मदत करणारी परी नाही. आईच्या समाधीवर उगवलेले झाड आणि त्यावर येणारी पाखरे तिला मदत करतात. त्याही आधी, नवव्या शतकातील एका चिनी ग्रंथात अशीच एक मुलगी भेटते. तिचा सोबती एक मासा असतो. आणि सोलापूरच्या शेजारच्या कन्नड मुलखात ‘हंची’ नावाची कथा आहे. ती ए. के. रामानुजन यांनी टिपून घेतली. हंची म्हणजे खापर. त्या कथेतील रूपवती मुलगी मातीचा मुखवटा घालून आपला चेहरा लपवते आणि परक्या घरी स्वयंपाक करून राहते. ज्या सोलापूरकर मुलीला सिंड्रेलाचे काम मिळाले, तिने ही हंची वाचावी. काचेचा बूट पायात घालून कोणाला धावता येणार? पण चेहऱ्यावर माती थापून स्वतःला लपवणे म्हणजे काय, हे नटीला चटकन समजते. रोज रंग लावताना ती थोड्याफार प्रमाणात तेच करीत असते.

वेशभूषेच्या बाबतीत सोलापूरकरांची एक खास अडचण आहे. शाळेच्या नाटकात राजाच्या खांद्यावर झूल हवी असते आणि घरात सर्वांत भारदस्त कापड म्हणजे चादर. आता सोलापुरी चादरीची नक्षी येथील लहान मूलही अंधारात ओळखील. राजा डौलाने प्रवेश करतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, “ए, चादर!” राजाचे राज्य तेथेच बुडते. यावर मुलांनी उपाय काढावयाचा तो कसला? चादर उलटी पांघरावी, तिच्यावर सोनेरी कागद चिकटवावा, हे उपाय होतातच. पण ज्याच्या मनात आपण राजा आहोत अशी खात्री असते, तो त्या आवाजाकडे अशा नजरेने पाहतो, की मागची रांग चूप बसते आणि चादर पुन्हा झूल होते.

भीतीचे माप हा या सर्वांतला नाजूक विषय आहे. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक सुरू केले, त्या परंपरेत राक्षस राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकीत येत. मोठ्यांना त्याची गंमत वाटे. पण चार वर्षांचे मूल नाटक आणि खरे यांच्या सीमेवर बसलेले असते. एक पाय इकडे, एक तिकडे. लंडनमध्ये २७ डिसेंबर १९०४ रोजी जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ हे नाटक पहिल्यांदा झाले. त्यात टिंकर बेल नावाची परी आहे. ती रंगमंचावर केवळ एका प्रकाशाच्या ठिपक्याने दिसते. ती मरू लागते, तेव्हा पीटर प्रेक्षकांना विचारतो, की तुमचा पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. कोणीच टाळी वाजवली नाही तर काय, या धास्तीने बॅरींनी वादकांना टाळ्या वाजवण्यास आधीच सांगून ठेवले होते. पण पहिल्याच प्रयोगात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पीटरचे काम करणारी नीना बूसिको हिला रडू कोसळले. हा विश्वास जितका सुंदर, तितकाच जोखमीचाही. नाटक पाहून घरी गेलेली काही मुले पलंगावरून उडावयास निघाली आणि त्यांना दुखापत झाली. तेव्हा पालकांच्या विनंतीवरून बॅरींनी नाटकात एक गोष्ट घातली: परीची धूळ अंगावर पडल्यावाचून कोणालाही उडता येत नाही.

चेटकिणीच्या नटीलाही अशी थोडी धूळ जवळ ठेवावी लागते. पहिल्या रांगेत एखादे मूल आईच्या पदरात तोंड लपवीत असेल, तर ते तिने पाहिले पाहिजे. मग ती पुढचे वाक्य म्हणता म्हणता आपल्याच काठीला अडखळते. मुले खुदकन हसतात, पदराआडून एक डोळा बाहेर येतो, आणि नाटक पुढे चालू लागते. असे अडखळणे वहीत लिहिलेले नसते. ते कोणत्या प्रयोगात हवे आणि कोणत्या प्रयोगात नको, हे समोरच्या चेहऱ्यांवरूनच ठरते. आठवी-नववीतल्या मुलांसमोर ती अडखळली, तर तिची चेटकीण हास्यास्पद होऊन बसते.

नाटक संपल्यावरही तिची सुटका नसते. रंगपटाच्या दाराशी मुलांची झुंबड उडते. मोठी मुले आत घुसून काठीला हात लावून पाहतात, नाक कशाचे आहे ते विचारतात. त्यांच्या मागे मात्र एक अगदी लहान मुलगी दाराची चौकट धरून उभी असते. ती आत येत नाही आणि घरीही जात नाही. आरशासमोर बसलेल्या नटीच्या हातात रंग पुसावयाचे फडके असते. आता हे नाक काढावे की राहू द्यावे? काढले, तर मुलीचे भय जाईल. पण तिने अडीच तास जपलेली चेटकीणही जाईल. न काढले, तर आज रात्री तिला झोप लागेल का? नटी फडके खाली ठेवते, खुर्ची तिच्याकडे वळवते आणि चेटकिणीच्याच घोगऱ्या आवाजात, पण हळूच विचारते, “काय गं, जेवलीस का?” मुलगी मान हलवून नाही म्हणते. “मीही नाही,” चेटकीण म्हणते, आणि टेबलावरच्या डब्याचे झाकण उघडते.